‘किती?’ या प्रश्नाचे शास्त्र : वैश्लेषिक रसायनशास्त्राची ओळख

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी भाषेत ‘कस’ हा शब्द अनेक अर्थांनी वावरतो. सोन्याचा कस लावला जातो, जमिनीचा कस कमी होतो आणि माणूसही प्रसंगी कसास उतरतो. सराफाकडील काळ्या दगडास तर कसोटी असेच नाव आहे. त्या दगडावर सोन्याची रेघ ओढावयाची आणि ज्याची शुद्धता आधीच ठाऊक आहे अशा सोन्याच्या रेघेशी ती ताडून पाहावयाची, ही परीक्षा फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तिचे वर्णन आढळते. अज्ञात वस्तू ज्ञात वस्तूशी ताडून पाहणे, हे या परीक्षेचे सूत्र होय. आजच्या सुसज्ज प्रयोगशाळांतील अतिशय महागड्या उपकरणांचे कामही शेवटी याच सूत्राने चालते. पदार्थ कशाचा बनलेला आहे आणि त्यात कोणता घटक किती प्रमाणात आहे, हे ठरविणाऱ्या शास्त्रशाखेस वैश्लेषिक रसायनशास्त्र असे म्हणतात.

हे शास्त्र प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहणारे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः गावाच्या कारभाराशी त्याचा संबंध अगदी निकटचा आहे. विहिरीच्या पाण्याचा अहवाल, शेताची मृदापत्रिका, दुधातील स्निग्धांशाची चिठ्ठी, रुग्णाच्या रक्तातील साखरेचा आकडा, भेसळीच्या खटल्यातील अन्न-विश्लेषकाचा दाखला, ही सर्व या शास्त्राचीच अपत्ये होत. या कागदांवरील आकड्यांच्या आधारे रोज निर्णय घेतले जातात. म्हणूनच तो आकडा कसा जन्मास येतो आणि त्यावर किती विसंबावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन प्रश्न

वैश्लेषिक रसायनशास्त्र पदार्थास दोन प्रश्न विचारते. ‘यात काय आहे?’ हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर गुणात्मक विश्लेषणाने मिळते. ‘ते किती आहे?’ हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर परिमाणात्मक विश्लेषण देते. व्यवहारात दुसऱ्या प्रश्नाचे मोल अधिक असते. कारण जगातील बहुतेक पदार्थ केवळ असण्याने हितकर वा घातक ठरत नाहीत. त्यांचे प्रमाण ते ठरविते. जे मीठ जेवणाला चव आणते तेच अतिरेकाने जमीन नापीक करते.

पाण्यातील अशा घटकांचे प्रमाण बहुधा एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगितले जाते. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे दहा लक्ष मिलिग्रॅम असते. म्हणजे एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम याचा अर्थ दहा लाख भागांत एक भाग. दहा हजार लिटरच्या गावटाकीत हे प्रमाण अवघ्या दहा ग्रॅमचे होईल. इतक्या अल्प द्रव्याने काय होणार, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर फ्लोराइडच्या शोधाच्या इतिहासात सापडते.

डागाळलेल्या दातांचे कोडे

अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य व्यवसायासाठी आले. तेथे लहानाचे मोठे झालेल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग असल्याचे त्यांना दिसले. डाग घासून जात नव्हते. कारण ते दाताच्या आवरणातच मुरलेले होते. बाहेरून प्रौढ वयात आलेल्या माणसांना मात्र हा विकार होत नसे. दात तयार होत असतानाच काहीतरी घडते आणि ते बहुधा पिण्याच्या पाण्यामुळे घडते, असा मॅके यांचा कयास होता. आयडाहो राज्यातील ओकले या गावी एका झऱ्याचे पाणी नळाने आणल्यानंतर मुलांचे दात डागाळू लागले होते. मॅके यांच्या सल्ल्याने गावाने तो झरा सोडला आणि त्यानंतर आलेले मुलांचे दात स्वच्छ निघाले. संशय दृढ झाला. परंतु पाण्याची तपासणी केली असता त्यात वावगे असे काहीच आढळत नव्हते.

आर्कॅन्सॉ राज्यातील बॉक्साइट या वसाहतीत हेच दृश्य दिसले. १९०९ साली तेथे खोल विहिरींचे पाणी सुरू झाले आणि पुढे वाढलेल्या मुलांच्या दातांवर डाग उमटले. ही वसाहत ॲल्युमिनियमचे उत्पादन करणाऱ्या कंपनीची होती. ॲल्युमिनियमच्या भांड्यांविषयी त्या काळी लोकांत आधीच कुजबुज चालू असल्याने कंपनीचे मुख्य रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाण्याची तपासणी हाती घेतली. १९३१ साली त्यांनी नेहमीची पद्धत बाजूस ठेवून वर्णपटलेखनाचा अवलंब केला. या पद्धतीत पदार्थ प्रखर उष्णतेने प्रज्वलित करतात आणि त्याच्या प्रकाशातील रेषा व पट्टे यांवरून त्यातील द्रव्ये ओळखतात. निष्कर्ष अनपेक्षित होता. पाण्यात दर लिटरला १३.७ मिलिग्रॅम इतके फ्लोराइड होते. चर्चिल यांचा त्यावर सहजासहजी विश्वास बसला नाही. नमुना दूषित झाला असावा, अशी शंका घेऊन त्यांनी पाण्याचा दुसरा नमुना मागविला. दुसऱ्या नमुन्याने पहिल्याचीच साक्ष दिली. पुढे मॅके यांनी निरनिराळ्या ठिकाणचे नमुने पाठविले, तेव्हा डाग आणि फ्लोराइड यांची सांगड स्पष्ट झाली.

तीस वर्षे हे कोडे का सुटले नाही? पाणी तपासले जात नव्हते असे नव्हे. नेहमीच्या तपासणीत फ्लोराइडचा प्रश्नच विचारला जात नव्हता. रासायनिक तपासणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाबाबत ती मौन पाळते. या मौनाचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा लावला गेला आणि मुलांच्या एका पिढीचे दात डागाळून गेले.

‘काय?’ याचे उत्तर मिळाल्यावर ‘किती?’ हा प्रश्न पुढे आला. ट्रेंडली डीन यांनी हे काम अंगावर घेतले आणि त्यांचे सहकारी इलायस एल्व्होव्ह यांनी लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड मोजणारी पद्धत बसविली. गावोगावची मोजमापे जुळविल्यावर असे दिसून आले की, लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असल्यास दात सहसा डागाळत नाहीत आणि ते कमी किडतात. तेच द्रव्य, पण अल्प प्रमाणात उपकारक आणि अधिक प्रमाणात अपायकारक!

नेल्लोर ते यवतमाळ

भारतात या विकाराची नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात झाली. शॉर्ट आणि त्यांचे सहकारी यांना तेथे दातांच्या डागांपलीकडचे भयंकर रूप दिसले. दीर्घकाळ जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने ते हाडांत साठते, सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठर होतो. या अवस्थेवर औषध नाही. ती येऊ न देणे हाच उपाय होय.

महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइडचा प्रश्न आहे. फ्लोराइडयुक्त खनिजे असलेल्या खडकांशी पाण्याचा सहवास जितका दीर्घ, तितके त्यात फ्लोराइड उतरण्याचा संभव अधिक. म्हणून उथळ विहिरीचे पाणी निर्दोष असताना शेजारच्या खोल विंधनविहिरीचे पाणी सदोष निघू शकते. या द्रव्याला रंग नाही, वास नाही, लक्षात येईल अशी चवही नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. डोळे, नाक, जीभ ही आपली परंपरागत साधने येथे निरुपयोगी ठरतात आणि केवळ रासायनिक तपासणीच उपयोगी पडते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आय. एस. १०५००, २०१२) फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून, अन्य उद्भव उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत ते चालवून घेता येते. जास्तीचे फ्लोराइड काढण्यासाठी नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. पाण्यात ठराविक प्रमाणात चुना व तुरटी मिसळली जाते. तुरटीपासून तयार होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या साक्याबरोबर फ्लोराइड खाली बसते आणि वरचे पाणी गाळून घेता येते. येथेही ‘किती?’ हा प्रश्न सुटत नाही. तुरटीची मात्रा पाण्यातील फ्लोराइड आणि क्षारता पाहून ठरवावी लागते. मात्रा कमी पडली तर फ्लोराइड उरते, जास्त झाली तर पाण्यात नको ती द्रव्ये वाढतात. उपायाच्या आधी तपासणी हवी आणि उपायानंतरही हवी.

तराजूपासून किरणांपर्यंत

या शास्त्राचे पहिले मोठे साधन म्हणजे तराजू. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए यांनी काटेकोर वजनांच्या बळावर ज्वलनाचे खरे स्वरूप दाखवून दिले आणि रसायनशास्त्रास शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. वजनातील सूक्ष्म फरकाची किंमत किती असते, याचे उत्तम उदाहरण लॉर्ड रॅले यांचे आहे. हवेतून मिळविलेल्या एक लिटर नायट्रोजनचे वजन १.२५७ ग्रॅम, तर रासायनिक संयुगांपासून मिळविलेल्या नायट्रोजनचे १.२५१ ग्रॅम भरते, असे त्यांना १८९२ च्या सुमारास आढळून आले. फरक सुमारे अर्धा टक्का होता. तो हातचुकीच्या माथी मारता आला असता. पण रॅले यांनी मोजमाप पुनःपुन्हा केले आणि फरक कायम राहिला. त्यातून रॅले व विल्यम रॅम्से यांनी हवेत लपलेला आरगॉन हा नवा वायू १८९४ साली जगापुढे आणला. १९०४ साली दोघांनाही नोबेल पारितोषिक लाभले.

दुसरे साधन अनुमापनाचे. ज्याची तीव्रता ठाऊक आहे असे द्रावण नमुन्यात थेंबाथेंबाने सोडावयाचे, रंग पालटताच थांबावयाचे आणि खर्च झालेल्या द्रावणावरून घटकाचे प्रमाण काढावयाचे. पाण्याचा कठीणपणा अद्यापही बहुधा याच पद्धतीने मोजतात आणि माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही तो मोजता येतो.

तिसरे साधन प्रकाशाचे. बुन्सेन व किर्खोफ यांनी १८५९-६० मध्ये असे दाखविले की, प्रत्येक मूलद्रव्य तापविले असता आपापल्या ठराविक रंगरेषा देते. त्यामुळे जेथे मनुष्याचा हात पोहोचत नाही तेथील पदार्थाचेही पृथक्करण शक्य झाले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून ग्रहणाविनाच अशा ज्वाळांची पिवळी रेषा नोंदली. ही रेषा पुढे हेलियमची ठरली. लॉकियर यांनी हेलियमचा शोध कोकणातील विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. लॉकियर विजयदुर्गास आले होते हे खरे. परंतु ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तत्पूर्वी तीन वर्षे, १८९५ मध्ये, रॅम्से यांना पृथ्वीवरील एका खनिजातच हेलियम सापडला होता. विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना शिक्षकांनी एवढा तपशील अवश्य सांगावा. अचूकतेच्या शास्त्राची कथाही अचूकच असावी.

फ्लोराइडच्या तपासणीतही रंग आणि वीज या दोहोंचा उपयोग होतो. रंगाच्या पद्धतीत झिर्कोनियम व रंगद्रव्य यांचे रंगीत संयुग वापरतात. फ्लोराइड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेते आणि रंग फिका पडतो. जितके फ्लोराइड अधिक तितका रंग फिका. विजेच्या पद्धतीत लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचे विद्युत्-अग्र पाण्यात बुडवितात. १९६६ साली प्रसिद्ध झालेले हे साधन फ्लोराइडलाच प्रतिसाद देते आणि विद्युत्-दाबावरून त्याचे प्रमाण समजते. दोन्ही पद्धतींत, आधी ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी साधन जुळवून घ्यावे लागते. कसोटीचा दगड येथेही आहेच.

न विचारलेले प्रश्न

पश्चिम बंगालमध्ये तळी-डबक्यांच्या दूषित पाण्यापासून लोकांची सुटका व्हावी म्हणून कूपनलिका खोदण्यात आल्या. पाणी स्वच्छ दिसत होते. परंतु १९८३ साली कोलकाता येथील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी त्वचेवर विशिष्ट चट्टे असलेल्या रुग्णांचा विकार आर्सेनिकजन्य असल्याचे ओळखले. पाण्यात आर्सेनिक असेल अशी शंकाच न आल्याने ते शोधले गेले नव्हते. आज भारतीय मानकात आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीत एक दशांश ग्रॅम, इतकी आहे.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागाईतदारांनाही असाच अनुभव आला. २०१० साली युरोपात पाठविलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अंश आढळले आणि माल अडकून पडला. निर्यातीपूर्वी तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्याचा समावेश नव्हता. यादीतील रसायनांबाबत निर्दोष ठरलेला माल यादीबाहेरच्या एका नावावरून नाकारला गेला.

याउलट, योग्य वेळी विचारलेल्या प्रश्नाने जगाचे हित कसे साधते तेही पाहण्यासारखे आहे. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ साली अत्यंत संवेदनशील असा शोधक तयार केला. १९७१-७२ च्या सागरी सफरीत त्यांनी त्याच्या साहाय्याने, शीतकपाटे व फवारे यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू अंटार्क्टिकपर्यंतच्या हवेत मोजले. प्रमाण एक लक्ष कोटी भागांत काही दशक भाग इतके अल्प होते. परंतु हे वायू नाहीसे न होता हवेत साठत आहेत, हे त्यावरून दिसले. ते शेवटी कोठे जातात, हा प्रश्न मोलिना व रोलंड यांनी घेतला आणि १९७४ साली त्यांनी ओझोनच्या थराला असलेला धोका दाखवून दिला. १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांचा करार झाला. आधुनिक विज्ञानात वैश्लेषिक रसायनशास्त्राचे स्थान कोणते, हे या एका मालिकेवरून स्पष्ट व्हावे. आधी मोजमाप, मग सिद्धान्त, त्यानंतर धोरण, असा तो क्रम आहे.

अहवाल कसा वाचावा?

प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावर चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, कोणकोणत्या घटकांची तपासणी झाली. जो घटक अहवालात नाही त्याविषयी अहवाल काहीही सांगत नाही.

दुसरी, परिमाण. मिलिग्रॅम व मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे.

तिसरी, ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ. त्याचा अर्थ शून्य असा नव्हे. वापरलेल्या पद्धतीस दिसू शकेल त्यापेक्षा प्रमाण कमी आहे, एवढाच तो अर्थ. पद्धत स्थूल असेल तर घातक प्रमाणही ‘आढळले नाही’ या शेऱ्याखाली झाकले जाऊ शकते.

चौथी, आकड्याची सीमा. प्रत्येक मोजमापात थोडा अनिश्चिततेचा अंश असतो. १.४ आणि १.६ हे आकडे १.५ या मर्यादेच्या दोन बाजूंना असले, तरी त्यांतील अंतर पद्धतीच्या चुकीएवढेच असू शकते. अशा वेळी पुन्हा नमुना घेणे, तोही पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, हाच शहाणपणाचा मार्ग. गावपातळीवरील तपासणी संच हे पहारेकऱ्यासारखे आहेत; त्यांनी इशारा दिला की प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्यावी.

नमुना म्हणजे अर्धी तपासणी

उत्तम उपकरणही सदोष नमुन्यापासून खरा आकडा काढू शकत नाही. उपकरण प्रयोगशाळेत असते. नमुना मात्र गावात घेतला जातो. तेथे जबाबदारी रसायनज्ञाची नसून नमुना घेणाऱ्याची आहे.

हातपंपाचे पाणी घेताना आधी काही मिनिटे पंप चालवावा, म्हणजे नळीत साचलेले पाणी निघून जाईल. रासायनिक तपासणीसाठी प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. तेला-औषधाची जुनी बाटली कदापि वापरू नये. जंतूंच्या तपासणीचा नमुना वेगळा. त्यासाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी, ती विसळू नये, थंड ठेवावी आणि एका दिवसाच्या आत पोहोचवावी. गाव, उद्भव, दिनांक व वेळ जागच्या जागी चिठ्ठीवर लिहावी. कचेरीत परतल्यावर आठवणीने लिहिलेल्या चिठ्ठीमुळे एका विहिरीचा दोष दुसरीच्या नावावर पडतो.

मातीच्या बाबतीतही तोच न्याय लागू आहे. बांधालगतची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची वा नुकतेच खत घातलेली माती घेऊ नये. शेतात नागमोडी चालत अनेक ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे, वीतभर खोलीचे खड्डे करून त्यांच्या कडेची माती घ्यावी, ती एकत्र मिसळावी, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत आणि सुमारे अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवावे. एकराएकरांच्या शेताविषयीचा निर्णय या अर्ध्या किलोवर ठरावयाचा असतो.

शाळेच्या शिक्षकांनी मुलांकडून गावातील प्रत्येक उद्भवाची नोंदवही ठेवून घेतली, पंचायतीने दर तपासणीचा अहवाल फलकावर लावला आणि अधिकाऱ्यांनी शंकास्पद आकडा दिसताच दुसरा नमुना मागविला, तर या शास्त्राचा लाभ गावाला मिळण्यास फारसा खर्च लागणार नाही. चर्चिल यांनीही पहिल्या आकड्यावर न थांबता दुसरी बाटली मागविली होती. तपासणीची विनंती लिहिताना ‘पाणी तपासून मिळावे’ एवढेच न लिहिता, कोणत्या घटकासाठी आणि कोणत्या शंकेवरून ते तपासावयाचे, हेही लिहावे. गावातील मुलांचे दात, वृद्धांचे सांधे, आटलेली जुनी विहीर, नवी खोल विंधनविहीर यांची माहिती प्रयोगशाळेला नसते. ती गावालाच असते. प्रश्न गावाने विचारावयाचा आहे, उत्तर शास्त्र देईल.